विडी सुटली, तलफ सुटेना

वाशीम जिल्ह्यांत विडी सोडणारे लोक कमी नाहींत. सोडून टिकणारे कमी आहेत. पोहरादेवीच्या रामनवमीच्या यात्रेंत शपथ घेऊन सोडणारे आहेत, मुलीच्या लग्नाआधीं सोडणारे आहेत, डॉक्टरानें छातीचा फोटो दाखविल्यावर भिऊन सोडणारे आहेत. पहिले आठ दिवस हीं माणसें मोठ्या जिद्दीनें काढतात. महिना-दोन महिने जातात, घरचीं माणसें निश्चिंत होतात, आणि एके दिवशीं बाजार समितीच्या आवारांत सोयाबीनच्या मापाची वाट पाहत बसलें असतां शेजारचा गडी बंडल पुढें करतो. "एकच घे," म्हणतो. पुढें काय होतें तें आमच्या वाचकांस सांगण्याची जरूर नाहीं. विडी सोडा, असें सांगणारीं व्याख्यानें पुष्कळ झालीं. सोडल्यावर तिसऱ्या महिन्यांत माणसानें काय करावें हें फारसें कोणी सांगत नाहीं. सबब आज आम्ही त्याविषयीं लिहितों.

आम्ही हें काठावर उभे राहून लिहीत नाहीं. आम्हींहि सोळा वर्षें विडी ओढली आणि चार वेळां सोडली. पहिल्या तीन वेळां हार खाल्ली, तीहि पहिल्या आठवड्यांत नव्हे. सर्व कांहीं ठीक चाललें आहे असें वाटूं लागल्यावर.

मूळ गोष्ट अशी कीं, तलफ ही एक नसून दोन आहेत. विडीच्या धुरांतलें निकोटीन दहा-वीस सेकंदांत मेंदूपर्यंत पोंचतें. रोज पंधरा-वीस वेळां हा खुराक मिळाला म्हणजे मेंदू त्याच्याच हिशेबानें चालूं लागतो. खुराक तुटला कीं चिडचिड, झोपमोड, डोकें जड होणें, कामांत चित्त न लागणें, हा सारा त्रास सुरू होतो. पहिल्या आठवड्यांत तो सर्वांत जोराचा असतो आणि तीन-चार आठवड्यांत बहुतेक ओसरतो. ही शरीराची भूक. हिला मुदत आहे. मागें उरते ती आठवण. विकलेला बैल जुन्या धन्याच्या गांवावरून गाडी निघाली कीं त्या गोठ्याकडे मान वळवितो. तेथें आतां त्याची दावण नाहीं, चारा नाहीं. पण वाट पायांत भिनलेली असते. दोन महिन्यांनीं येणारी तलफ ही अशी वळलेली मान आहे. तिला पाहून "आपल्यानें हें होणारच नाहीं" असा निकाल जो देतो, तो बैलाच्या मान वळविण्यालाच बैल पळाला असें समजतो.

ही आठवण जागेशीं कशी बांधलेली असते याचा एक मोठा दाखला परदेशांत घडला. व्हिएतनामच्या लढाईंतून १९७१ सालीं परतलेल्या अमेरिकन शिपायांत हेरॉइन या जालीम विषाच्या आहारीं गेलेले पुष्कळ होते. ली रॉबिन्स नांवाच्या विदुषीनें त्यांची पाहणी केली. घरीं परतल्यावर पहिल्या वर्षांत त्या व्यसनी शिपायांपैकीं शेंकडा पांचाच्या सुमारासच पुन्हा त्यांत अडकले असें तिला आढळलें. याचें एक मोठें कारण असें सांगतात कीं, ती लढाई, ते सोबती, ती जागा समुद्रापलीकडे राहिली. आतां आमच्या मालेगांवच्या (नाशकाकडच्या नव्हे, वाशीमच्या) किंवा रिसोडच्या शेतकऱ्यानें कोणता समुद्र ओलांडावा? त्याला तोच पार, तीच टपरी, तोच धुरा आणि तींच माणसें. गांव बदलतां येत नाहीं. मग गांवांतल्या आपल्या दिवसाची मांडणी तरी बदलली पाहिजे.

पहिली वेळ सकाळची. "विडीशिवाय पोट साफ होत नाहीं" हें वाक्य आम्हीं इतक्या जणांकडून ऐकलें आहे कीं त्याला थट्टेवारी नेणें बरें नाहीं. त्यांत तथ्य आहे. निकोटीन आंतड्यांना चाळवितें, आणि तें बंद झाल्यावर कांहीं आठवडे पोट जड राहतें. उठल्याबरोबर तांब्याभर कोमट पाणी, जेवणांत भाजी-भाकरी जास्त, आणि थोडें चालणें, एवढ्यानें आंतडीं आपलें काम पुन्हा शिकतात. खोकल्याचेंहि तसेंच. विडी सोडल्यावर पहिले कांहीं दिवस खोकला उलट वाढतो, कारण धुरानें निजलेली छाती स्वतःची झाडलोट करूं लागते. "सोडली तर खोकला वाढला, मग ओढलेली काय वाईट?" असा तर्क लढवून परत फिरलेले लोक आम्हांस ठाऊक आहेत. मात्र खोकला दोन आठवड्यांवर गेला तर थुंकी तपासून घ्यावी. विडी ओढणारास क्षयाचा धोका इतरांहून जास्त असतो.

दुसरी वेळ रात्रींची, आणि ही आमच्या शेतकऱ्याची खरी परीक्षा. पंपाची वीज रात्रीं येते. हरभऱ्याला पाणी द्यायला माणूस एकटा धुऱ्यावर, थंडी अंगांत शिरलेली, बारें भरेपर्यंत हातांना काम नाहीं. विडीला याहून चांगली जागा कोणती? येथें उपदेशाचा उपयोग नाहीं, खिशाचा आहे. खिशांत विडी-काडी नसावी. त्याऐवजीं फुटाणे, बडीशेप, वाळलेल्या आवळ्याच्या फोडी असाव्यात. तलफ आली म्हणजे ती जन्मभर राहणार असें वाटतें; खरें पाहतां एकेक तलफ थोड्या मिनिटांची असते. तेवढा वेळ धुऱ्याच्या टोकापर्यंत जाऊन यावें. परत येतों तों तिचा जोर मोडलेला असतो. सुताराची गोष्ट निराळी नाहीं. त्याच्या एका कानावर पेन्सिल आणि दुसऱ्यावर विडी. एक सांधा बसला कीं हात आपोआप कानाकडे जातो. त्यानें तेवढ्या विसाव्याला दुसरें कांहीं नेमून द्यावें. विसावाच सोडावा असें आम्ही म्हणत नाहीं. कष्टकऱ्याला दिवसांतून दहा मिनिटें बसण्याचा हक्क मिळण्यासाठीं विडीचें निमित्त लागावें, ही मात्र लाजेची गोष्ट आहे. ती लाज विडी ओढणाराची नव्हे.

आतां एक फसवणूक. विडी सोडली आणि खर्रा धरला, याला सोडणें म्हणत नाहींत. २०१६-१७ च्या सरकारी पाहणींत महाराष्ट्रांतल्या प्रौढ माणसांपैकीं विडी-सिगारेट ओढणारे शेंकडा ३.८ निघाले, तर तंबाखू खाणारे व लावणारे शेंकडा २४.४. धूर गेला म्हणून कोणी समाधान मानूं नये. निकोटीन तेंच आहे, आणि तोंडाचा कर्करोग या बाजूनें येतो. नुसती सुपारीहि निरुपद्रवी नाहीं. तिच्यानें तोंड उघडेनासें होतें. गुटख्याला महाराष्ट्रांत २०१२ सालीं बंदी झाली. ती कितपत पाळली जाते तें टपरीपुढच्या पुड्यांना विचारावें.

शपथेविषयीं थोडें स्पष्ट लिहितों. राग येणारांनीं क्षमा करावी. शपथेनें सुरुवात होते हें खरें, पण तिच्यांत एक खोड आहे. विडी हें पाप ठरलें म्हणजे एक झुरकासुद्धां व्रतभंग होतो. आणि व्रत मोडलेंच आहे तर उरलेलें बंडल कां टाकावें, असा विचार मनांत येतो. लाजेपायीं माणूस ज्याच्याजवळ शपथ घेतली त्याच्यासमोर जाईनासा होतो. बंधूंनो, हा देहाचा रोग आहे. त्याला प्रायश्चित्त नको, मध्यस्थ नको. गाडगेबाबा वऱ्हाडांत कीर्तन करीत तेव्हां श्रोत्यांनाच प्रश्न विचारून उत्तर त्यांच्याच तोंडून काढीत. तसेंच आपण स्वतःला विचारावें: कोठें बसलों होतों, कोणाबरोबर, पोटांत अन्न होतें कीं नाहीं, कोणाशीं भांडून आलों होतों? एक विडी ओढली गेली तर दुसरी न ओढणें हें त्या दिवसाचें काम. बहुतेकांना एकापेक्षां जास्त वेळां सोडावी लागते, आणि प्रत्येक वेळीं आपली खोड कोठें आहे तें थोडें जास्त कळतें. आमची चौथी खेप टिकली ती एवढ्याच शहाणपणावर.

घरांतल्या मायबहिणींना एक विनंति. "बघूं किती दिवस टिकतंय" हा टोमणा बंडलाइतकाच घातक आहे. त्यापेक्षां पैशाचा हिशेब हातीं घ्या. रोजचे वीस रुपये धरले तरी वर्षाचे ७,३०० होतात. ते रोज एका डब्यांत टाका, आणि डबा त्याच्या डोळ्यांपुढें ठेवा. पेरणीच्या तोंडावर बियाण्यासाठीं व्यापाऱ्याच्या दारीं उभें राहण्याची पाळी ज्या घराला येते, त्याला सात हजार म्हणजे काय हें आम्हीं सांगायला नको. आणि तुमच्यापैकीं ज्यांच्या कनवटीला तंबाखूची डबी आहे त्यांनीं हा लेख स्वतःसाठींहि वाचावा. त्याच पाहणींत राज्यांतल्या शंभरांपैकीं सतरा बाया तंबाखूच्या गिऱ्हाईक निघाल्या.

ज्याला एकट्यानें जमत नाहीं त्यानें मदत मागण्यांत कमीपणा मानूं नये. सरकारनें २०१६ सालीं १८००-११-२३५६ हा फुकट फोन सुरू केला. त्यावर सल्ला मिळतो. निकोटीनची गोळी औषधाच्या दुकानांत मिळते. ती खडीसाखरेसारखी चावून संपवावयाची नसते, थोडी चघळून गालांत धरून ठेवावयाची असते, आणि तिच्या अगोदर लगेच चहा घेतला तर तिचा गुण कमी होतो. हृदयाचा विकार असणारांनीं व गरोदर बायांनीं मात्र डॉक्टरला विचारल्याशिवाय ती घेऊं नये. वर्ष निभावलें तर विडीमुळें वाढलेला हृदयविकाराचा धोका निम्म्यावर येतो, असें जागतिक आरोग्य संघटना सांगते.

शेवटीं मजूर लावणाऱ्या शेतकऱ्यांशीं एक बोलणें आहे. सोंगणीला आणि मळणीला आलेल्या गड्यांना मजुरीबरोबर विडी-तंबाखू देण्याची चाल कित्येक गांवांत अजून आहे. देणाराचा हेतु वाईट नसतो. पण मळणीयंत्रापाशीं जमलेल्या दहांत एखादा तरी असा असतो कीं ज्यानें गेल्या महिन्यांतच सोडलेली असते, आणि मालकानें दिलेली नाकारणें त्याला जड जातें. यंदाच्या हंगामांत त्या बंडलाऐवजीं गूळ-शेंगदाणे ठेवावेत, आणि विडीचे पैसे मजुरींत रोख धरून द्यावेत. कोणत्या गांवानें तसें केलें तें आम्हांस कळवावें. आम्ही गांवाच्या नांवानिशीं छापूं.