जत्रेत कुस्तीचा फड लागतो, मग जीव वाचवण्याचा का नाही?

९ एप्रिल २०२४. गुढीपाडव्याचा दिवस. नेवासा तालुक्यातल्या वाकडी गावात (आपल्या राहाता तालुक्यातली वाकडी वेगळी) शेणाची स्लरी साठवलेल्या एका जुन्या विहिरीत मांजर पडलं. त्याला काढायला एक जण उतरला. तो वर येईना म्हणून दुसरा उतरला, मग तिसरा. असे सहा जण आत गेले. पाच गेले ते गेलेच. सहावा वाचला, कारण त्याच्या कमरेला दोर होता आणि वरच्यांना त्याला ओढून घेता आलं.

आपल्या जिल्ह्यात हा विषय निघाला की लोक अजून म्हणतात, "मांजरापायी पाच माणसं गेली." मला हे वाक्य पटत नाही. मांजर निमित्त झालं. एक माणूस पडला तर त्याला काढायचं कसं, हे वर उभ्या असलेल्या कुणालाच कधी कुणी शिकवलं नव्हतं, म्हणून ती माणसं गेली. धाडस होतं, माया होती, धावून जायची वृत्ती होती. नव्हता तो फक्त सराव.

आधी आत काय झालं ते समजून घेऊ. शेण कुजतं तेव्हा मिथेन, कार्बन डायऑक्साइड आणि हायड्रोजन सल्फाइड तयार होतात. बंदिस्त खड्ड्यात ते साचतात आणि ऑक्सिजनला जागा उरत नाही. आपण श्वास घेतो त्या हवेत साधारण २१ टक्के ऑक्सिजन असतो. तो १० टक्क्यांच्या खाली गेला की माणूस बेशुद्ध पडतो, ओरडायलाही वेळ मिळत नाही. हायड्रोजन सल्फाइडला सडक्या अंड्यासारखा वास येतो खरा, पण त्याचं प्रमाण वाढलं की नाकच बधिर होतं. म्हणजे वास येत नाही म्हणून धोका नाही, असं समजून उतरणारा सरळ मरणात उतरतो. जुने लोक विहिरीत कंदील सोडून बघायचे, विझला तर उतरायचं नाही. साध्या विहिरीला ते ठीक होतं, पण शेणाच्या खड्ड्यात मिथेन असतो. तिथं ज्योत नेली तर भडका उडेल.

हे सगळं कोळशाच्या खाणीतल्या माणसांना फार आधी कळलं, आणि तेही असेच जीव घालवून.

अमेरिकेत इलिनॉय राज्यात चेरी नावाच्या खाणीला १३ नोव्हेंबर १९०९ ला आग लागली. २५९ माणसं मेली. त्यातले १२ जण वरून मदतीला उतरलेले होते. पाळण्यातून ते पुन्हा पुन्हा खाली गेले, दरवेळी काही माणसं घेऊन वर आले. सहा फेऱ्या नीट झाल्या. सातव्या फेरीला खालून दिलेल्या खुणेचा अर्थ वरच्या यंत्रचालकाला कळला नाही. पाळणा उशिरा वर आला तेव्हा आतले सगळे जळालेले होते. हिंमत सातव्या वेळीही तेवढीच होती, पण वरच्या आणि खालच्या माणसांची खूण आधी पक्की ठरलेली नव्हती.

पुढच्याच वर्षी तिथं खाणींसाठी सरकारी ब्युरो उभा राहिला, आणि १९११ मध्ये पिट्सबर्गच्या मैदानावर खाण बचाव आणि प्रथमोपचाराचं मोठं राष्ट्रीय प्रात्यक्षिक झालं, टीम्सच्या चढाओढीसकट. खुद्द राष्ट्राध्यक्ष टाफ्ट बघायला आले होते. तेव्हापासून जगभर खाणीतल्या टीम्सच्या अशा स्पर्धा होतात. आता आंतरराष्ट्रीय स्पर्धाही असते.

आपल्याकडेही आहे ही पद्धत. अखिल भारतीय खाण बचाव स्पर्धा असते, डीजीएमएस म्हणजे खाण सुरक्षा महानिदेशालयाच्या देखरेखीखाली. कोळशाच्या आणि धातूच्या खाणींच्या टीम्स उतरतात. आपल्या नागपूरला वेस्टर्न कोलफिल्ड्सचं मुख्यालय आहे, खाण बचाव केंद्र आहे. चंद्रपूर, यवतमाळ, नागपूरच्या खाणींत काम करणाऱ्या मराठी माणसाला हे नवीन नाही. हिंदुस्थान झिंकने तर महिलांची बचाव टीम उभी केली आहे. आपण पश्चिमेकडचे लोक मात्र खाण म्हटलं की मुरमाची किंवा दगडाची एवढंच ओळखतो.

या स्पर्धेत काय बघतात? मला सगळ्यात आवडलेली गोष्ट ही की तिथं नुसत्या वेगाला किंमत नाही. मास्क घालण्याआधी तो तपासला का? आत पाऊल टाकण्याआधी हवा मोजली का? टीमचा एक माणूस एकटाच पुढे गेला का? जखमीला उचलण्याआधी त्याचं हाड मोडलंय का ते पाहिलं का? प्रत्येक चुकीला मार्क कापतात. नियम असा की टीम एकत्र आत जाते आणि एकत्र बाहेर येते. एकाला त्रास झाला तर सगळे मागे फिरतात. बाहेर चांगल्या हवेत दुसरी टीम तयारीत असते, आतल्यांनाच काही झालं तर त्यांना काढायला. वाकडीच्या विहिरीवर ही दुसरी टीम नव्हती. जो तो पहिलाच होता.

१९८९ च्या नोव्हेंबरात राणीगंजच्या महाबीर खाणीत पाणी घुसलं, तेव्हा जसवंतसिंग गिल यांनी ६५ कामगारांना एकेक करून वर काढलं. त्यावर सिनेमा आला, सगळ्यांनी बघितला. गिल स्वतः खाली उतरले हे आपल्या लक्षात राहिलं. पण आधी वरून भोक पाडून घेतलं, त्यात मावेल अशी लोखंडी कॅप्सूल बनवून घेतली, आणि मगच ते दोराला लटकलेल्या त्या कॅप्सूलमधून उतरले, हे लक्षात ठेवायला हवं.

तुम्ही म्हणाल, पुणतांब्यात कुठं आली खाण?

मी गोदाकाठचा शेतकरी आहे. माझ्या शिवेवरून नजर टाकली तरी दहा-बारा विहिरी दिसतात. विहिरीचं काम निघालं की यारी लागते, सुरुंग उडतात, आणि धूर पुरता निवण्याआधी मजूर पाटीत बसून खाली जातो. ही खाणच झाली की. फरक एवढाच की कोळशाच्या खाणीला सुरक्षेचा कायदा आहे, तपासणीस आहे, बचाव केंद्र आहे. आमच्या विहिरीवर मुकादम आहे आणि देवाचं नाव आहे.

पुढे घरोघरी गोबरगॅस, शौचालयाचे शोषखड्डे. शेततळी तर आता सगळीकडे झाली. त्याच्या प्लास्टिकच्या कागदावर पाय घसरला की पोहणारा गडीसुद्धा वर येऊ शकत नाही, कारण धरायला काहीच नसतं. आणि शेवटी गोदामाई. पावसाळ्यात नांदूर मधमेश्वरचं पाणी सुटलं की घाट बुडतो. चांगदेव महाराजांच्या समाधीला येणारे भाविक, शिर्डीची गर्दी, जंक्शनवर उतरणारे प्रवासी. त्यातल्या किती जणांना नदीचा अंदाज असतो?

अशा वेळी येणार कोण? एनडीआरएफची तुकडी पुण्याजवळ, एसडीआरएफची धुळ्याला. फोन लागला, गाडी लगेच निघाली, तरी इथं यायला तीन-चार तास. बंद पडलेल्या श्वासाला चार-पाच मिनिटं असतात. म्हणजे जे काही करायचं ते बांधावरच्या, गल्लीतल्या माणसानेच करायचं आहे. आणि तो करतोच, कुणाची वाट बघत नाही. शिकलेला नसतो एवढंच.

इथं एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगितली पाहिजे. २३ मे २०२४ ला अकोले तालुक्यात सुगावजवळ प्रवरेत बुडालेल्या तरुणाला शोधताना एसडीआरएफचीच बोट उलटली आणि त्यांचे तीन जण गेले. ते तर शिकलेले होते. तेव्हा प्रशिक्षण घेतलं की माणूस अमर होतो, असं माझं म्हणणं नाही. पण शिकलेल्यांनाही पाणी सोडत नसेल, तर न शिकता उडी मारणाऱ्या आपल्या पोरांचं काय, हा प्रश्न उलट जास्त मोठा होतो.

सरकारने काहीच केलं नाही असंही नाही. आपत्ती व्यवस्थापन कायदा २००५ चा. त्याच्या ४१ व्या कलमात स्थानिक प्राधिकरणांनी आपले अधिकारी-कर्मचारी आपत्तीसाठी प्रशिक्षित करावेत असं लिहिलंय, आणि त्यात पंचायतराज संस्था येतात. आपदा मित्र योजनेत देशभरात एक लाख स्वयंसेवक तयार करायचं ठरलं, बारा दिवसांचं प्रशिक्षण. चांगलीच गोष्ट. पण एकदा शिबिर झालं, प्रमाणपत्र मिळालं, फोटो निघाला, की पुढे काय? हाताला सराव नसेल तर दोन वर्षांनी गाठ कशी मारायची हेही आठवत नाही. पैलवान एकदा तालमीत जाऊन आला म्हणून पैलवान राहत नाही. त्याला समोर फड दिसत असतो म्हणून तो रोज मेहनत करतो.

म्हणून माझं म्हणणं आहे, स्पर्धा लावा.

आपल्या मातीला स्पर्धा लागतेच. गाडगेबाबा स्वच्छता अभियानात बक्षीस होतं म्हणून गावं झाडली गेली. २०१६ ते २०१९ या काळात वॉटर कपसाठी लोकांनी उन्हातान्हात, पहाटे उठून चर खणले. तेच आता माणूस वाचवायला करू. तालुक्यातल्या प्रत्येक गावाची सहा जणांची टीम. तरुण मंडळाची एक, बचतगटातल्या महिलांची एक. शेततळ्यात पोर पडतं तेव्हा दुपारच्या वेळी जवळ बाईच असते, हे विसरू नका.

तीन डाव ठेवायचे.

पहिला, कोरड्या विहिरीत माणसाच्या वजनाचं पोतं टाकायचं आणि आत विषारी हवा आहे असं समजून ते काढायचं.

दुसरा, शेततळ्यात बुडणाऱ्याला स्वतः पाण्यात न जाता दोर, ट्यूब, बांबू देऊन बाहेर ओढायचं.

तिसरा, प्रथमोपचार. छाती दाबून श्वास सुरू करणं, सापाने चावलेल्याला चिरा न देता, आवळून न बांधता दवाखान्यात नेणं, दोन काठ्या आणि घोंगडीची डोली करणं.

कुठला डाव कुणाला, हे ऐनवेळी चिठ्ठी काढून सांगायचं, म्हणजे पाठ करून कुणी येणार नाही. पंच म्हणून अग्निशमन दलाचा माणूस, आरोग्य केंद्राचे डॉक्टर, कारखान्याचा सेफ्टी ऑफिसर.

आणि एक नियम सगळ्यात वर लिहायचा. जो दोराशिवाय, हवा न मोजता आत उतरेल, त्याची टीम बाद. श्वासाचं उपकरण नसेल तर बरोबर उत्तर एकच : उतरायचं नाही, वरूनच दोर-गळ टाकायचा, ११२ ला फोन करायचा, आणि बाकीच्यांना काठापासून लांब ठेवायचं. भर गर्दीत "थांब, उतरू नको" असं ओरडणाऱ्याला मार्क मिळाले पाहिजेत. आज त्याला लोक भित्रा म्हणतात. वाकडीत असं कुणी दुसऱ्या माणसाला धरून ठेवलं असतं, तर चार जीव वाचले असते.

पैसे कुठून, हा प्रश्न येणारच. जत्रेत तमाशा आणि कुस्त्यांना वर्गणी होते तिथूनच. चांगला दोर, कमरेचा पट्टा, हवा मोजायचं हातात मावणारं यंत्र, एवढं दोन-चार गावांत मिळून घेता येईल. श्वासाची उपकरणं महाग, त्यांची देखभालही अवघड. ती तालुक्याला ठेवा आणि कुणाच्या ताब्यात आहेत हे प्रत्येक गावाला माहीत असू द्या.

काही जण म्हणतील, हा सरकारचा विषय, आपण का करायचं? सरकारला सोडायचं नाहीच. ४१ वं कलम दाखवून प्रशिक्षण मागायचं, तहसीलदारांना निवेदन द्यायचं. पण मागण्या करायला आपल्याला कुणी शिकवायला नको. २०१७ साली याच गावाच्या ग्रामसभेने संपाचा ठराव केला आणि १ जूनपासून सगळा महाराष्ट्र शेतकरी संपाबद्दल बोलायला लागला. ठराव काय करू शकतो हे पुणतांब्याला माहीत आहे.

तर येत्या ग्रामसभेत मी हा ठराव मांडणार आहे : गावची बचाव टीम तयार करायची, वापरात नसलेल्या विहिरी आणि उघडे खड्डे यांची यादी करून त्यांना झाकण-कठडा करायचा, प्रत्येक शेततळ्याला गाठी मारलेला दोर कायमचा बांधून ठेवायचा, आणि पुढच्या जत्रेत पहिली स्पर्धा घ्यायची. अनुमोदक पाहिजेत. ज्यांना पटतंय त्यांनी खाली नाव आणि गाव लिहा. आपापल्या गावच्या ग्रुपवर ही पोस्ट टाका. आणि ज्यांना पटत नाही त्यांनीही या, भांडा, पण शेततळ्याचा दोर तेवढा आजच बांधा. त्याला ठराव लागत नाही.