अशोकाचे नाव आणि खेळातील रहस्य
टेबलटॉप रोलप्लेइंग खेळात सूत्रधाराने पहिल्याच बैठकीत प्राचीन साम्राज्याचा सारा इतिहास सांगून टाकणे मला पटत नाही. इतिहास असा हाती येत नाही.

१८३७ मध्ये जेम्स प्रिन्सेपने सांचीच्या लेखांतील ‘दानं’ या शब्दाच्या आधारे ब्राह्मी लिपी उलगडली. ‘देवानंपिय पियदसि’ राजा समोर आला. प्रिन्सेपला तो आधी सिंहली राजा वाटला. पाली ग्रंथांवरून टर्नरने त्याला अशोक म्हणून ओळखले. ‘अशोक’ हे नाव कोरलेला मस्कीचा लेख मात्र सापडला १९१५ मध्ये.

खेळाडूंनाही आधी लिपी द्या, मग बिरुद, शेवटी नाव. मधल्या चुकीच्या तर्कालाही वाव ठेवा. पण प्रत्येक टप्प्यावर त्यांचा एखादा निर्णय बदलेल, एवढे तरी हाती पडावे. नुसती लपवाछपवी म्हणजे रहस्य नव्हे.