तंबोरा कुठे गेला?

ज्ञानेश्वरीतील एखाद्या ओवीत एकनाथांनी शके १५०६ मध्ये शुद्ध केलेला पाठ ग्राह्य मानायचा की राजवाड्यांनी उजेडात आणलेल्या पोथीतला, यावरून आमच्या मित्रमंडळात तासन्‌तास वाद होतात. व्हायलाच हवेत. पण हीच मंडळी वाद आटोपल्यावर मोबाईल टेबलावर आडवा ठेवतात, त्यावर अमीर खाँ यांचा मारवा लावतात आणि डोळे मिटून मान डोलावतात. पाठभेदाविषयीची त्यांची सारी जागरूकता त्या क्षणी कुठे जाते, हा आमचा प्रश्न आहे. त्या टेबलावर जे वाजत असते ती मारव्याची पाने गळालेली प्रत असते.

मारव्याचेच उदाहरण घेऊ, कारण या रागात मुद्दा लपून राहत नाही. पंचम वर्ज्य, गायक षड्जही शक्य तितका टाळतो, कोमल रिषभ आणि धैवत यांच्यावर रेंगाळतो. या सगळ्या तळमळीला अर्थ येतो तो मागे अखंड वाजणाऱ्या षड्जामुळे. तो षड्ज गायकाने नव्हे, तंबोऱ्याने धरून ठेवलेला असतो. काळी एकमध्ये गाणाऱ्या गायकाच्या तंबोऱ्यातली खर्जाची तार सुमारे ६९ हर्ट्झवर बोलते. मोबाईलच्या पोटातला स्पीकर काहीशे हर्ट्झच्या खाली जवळजवळ मुका असतो. कान हुशार आहे, वरच्या स्वयंभू स्वरांवरून तो खालचा स्वर कल्पनेने भरून काढतो हे खरे. पण ते स्वयंभू स्वरच जर किरटे होऊन गायकाच्या आवाजात मिसळून गेले, तर कानाने तरी कशावरून कल्पना करावी? षड्जच हरवला की टाळणे दिसत नाही आणि टाळणे दिसले नाही की मारवा उरत नाही.

यावर ठरलेले उत्तर येते : गाणे मनाने ऐकायचे असते, यंत्राने नव्हे, आमच्या आजोबांनी तीन मिनिटांच्या तबकड्या भोंग्यातून ऐकल्याच की! ऐकल्या, पण त्या आजोबांपैकी अनेकांनी ते गायक मैफलीत समोर बसून ऐकले होते. तबकडी त्यांच्यासाठी आठवणीची खूण होती. आपल्यापाशी अमीर खाँ यांची आठवण नाही, फक्त ध्वनिमुद्रण आहे. ज्याच्याजवळ मूळ नाही त्याने प्रतीविषयी अधिक काटेकोर असायला हवे, हे साहित्याच्या विद्यार्थ्याला आम्ही सांगावे?

दुसऱ्या टोकाला मोटारीच्या किमतीचे स्पीकर घेऊन दर वर्षी ते बदलणारा वर्ग आहे. त्याच्याकडे काचा फुटल्याचे आणि आगगाडी गेल्याचे आवाज असलेल्या खास तबकड्या असतात. आमचे त्याच्याशीही जमत नाही. पण या वर्गाच्या चंचलपणाचा एक उपकार मात्र मान्य करावा लागतो : त्याने टाकून दिलेले उत्तम स्पीकर जुन्या बाजारात येतात आणि मास्तरांच्या पगारात बसतात.

बीबीसीच्या अभियंत्यांनी १९७० च्या दशकात तयार केलेला एलएस३/५ए हा त्यांतला आमचा आवडता नमुना. जेमतेम फूटभर उंचीची ही पेटी बाह्यप्रक्षेपणाच्या गाडीत, दाटीवाटीच्या जागेत, कार्यक्रम नीट जातो आहे की नाही हे तपासण्यासाठी बनवली गेली. बीबीसीत स्पीकर पारखताना माणसाच्या बोलण्याला फार महत्त्व असे : प्रत्यक्ष आवाज आणि स्पीकरमधला आवाज ताडून पाहिले जात. म्हणूनच या पेटीत गळा खरा वाटतो. ६९ हर्ट्झचा खर्ज तीही पूर्ण ताकदीने देत नाही (फूटभर पेटीकडून ती अपेक्षाच चूक), पण त्यावरचे स्वयंभू स्वर असे सुटे आणि प्रामाणिक देते की कानाला खर्ज बांधता येतो. लहान खोली आणि बऱ्यापैकी अँप्लिफायर मात्र हवा, कारण थोड्या वीजशक्तीत ती मोठ्याने बोलत नाही.

आता याही पेटीचे पंथ झाले आहेत. रॉजर्स, स्पेंडॉर, हार्बेथ अशा अनेकांनी ती परवान्याने बनवली. पाटी पाहून भाव चढतो, १५ ओहमवाले ११ ओहमवाल्यांना तुच्छ लेखतात. पहिली आवृत्ती फक्त कपाटात मिरवणाऱ्यांची ही जात आपल्या ओळखीची आहे. तिच्या नादी न लागता वस्तू पाहावी. आम्ही एकदा पाटी पाहूनच एक भलामोठा जोड घेतला होता (हा नव्हे, दुसरा). त्याच्या वूफरच्या शंकूभोवतीची कड फोमची होती. दोन पावसाळ्यांत तिचा भुगा झाला आणि तबल्याचा बायाँ खरखरू लागला. विकणाऱ्याने तो फोम किती वर्षांचा आहे हे सांगितले नव्हते, आम्हीही विचारले नव्हते. एलएस३/५एच्या वूफरची कड निओप्रीन रबराची असते, ती सहसा टिकते. तरीही जाळी काढून पाहावी, बोटांच्या टोकांनी शंकू अलगद दाबून आत काही घासत नाही ना याचा कानोसा घ्यावा, दोन्ही पेट्या एकाच जोडातल्या आहेत का हे क्रमांकांवरून ताडावे. आतले सुटे भाग कुणी बदलले असतील तर काय बदलले हे स्पष्ट विचारावे.

आणि ऐकायला आपले ध्वनिमुद्रण आपण न्यावे, वर्षानुवर्षे ऐकलेले. विकणारा सवयीने आवाज वाढवायला जाईल. त्याला थांबवावे आणि तंबोरे सुरू झाल्यापासून गायक पहिला स्वर लावीपर्यंत गप्प बसून ऐकावे.