प्रवाळावर पाय ठेवण्याआधी

अगत्ती बेटावरच्या पहिल्याच सकाळी मी बोलणी खाल्ली. डोळ्यांना काच आणि तोंडाला नळी लावून स्नॉर्कलिंगसाठी पाण्यात उतरलो होतो. थोड्या वेळाने दम लागला, म्हणून पाय टेकायला जागा शोधली. खाली खडकासारखे काहीतरी दिसले, त्यावर उभा राहिलो. आमच्यासोबतचा विशीतला स्थानिक मुलगा सपासप हात मारत आला आणि मोडक्या हिंदीत म्हणाला, “भाई, पत्थर नहीं है. जिंदा है. पाँव उठाओ.”

ज्याला मी खडक समजलो ते प्रवाळ होते. लाखो बारीक जीवांनी मिळून बांधलेले घर. असे गोलाकार प्रवाळ वर्षाला जेमतेम एखादा सेंटिमीटर वाढते. माझ्या पायाखाली कुणाच्या तरी आजोबांच्या वयाची वस्ती होती.

त्यानंतर तासभर मी फक्त तरंगत राहिलो. पिवळ्या-काळ्या पट्ट्यांचे मासे जोडीने फिरत होते. पॅरट फिश नावाचा निळा-हिरवा मासा चोचीसारख्या तोंडाने प्रवाळ कुरतडत होता, त्याचा कुरकुर आवाज पाण्यात स्पष्ट ऐकू येत होता. हा मासा जे कुरतडतो, त्याचा चुरा वाळू होऊन त्याच्या पोटातून बाहेर पडतो. किनाऱ्यावरच्या ज्या पांढऱ्याशुभ्र वाळूत आपण फोटो काढतो, तिचा मोठा भाग असा तयार झालेला आहे. ही बेटे प्रवाळावर उभी आहेत, प्रवाळाच्या कड्यामुळे लाटांपासून वाचली आहेत आणि प्रवाळाच्याच वाळूने बनली आहेत. प्रवाळ गेले तर बेट जाते, इतका सरळ हिशेब आहे.

लक्षद्वीपला निघालो तेव्हा घरच्यांना एकाच गोष्टीचे समाधान होते, “तिथे सगळे आपलेच, खाण्यापिण्याची काळजी नाही.” ते खोटे नव्हते. 36 बेटांपैकी 10 बेटांवर वस्ती आहे, एकूण जमीन अवघी 32 चौरस किलोमीटर. 2011च्या जनगणनेनुसार लोकसंख्या 64 हजारांच्या आसपास, त्यात 96 टक्क्यांहून अधिक मुस्लिम. पण ‘आपलेच’ म्हणताना आपण त्यांच्याविषयी किती जाणतो? तिथली बहुतेक बेटे मल्याळमच्या जवळची जेसरी बोलतात, मिनिकॉयची भाषा महल आहे, ती मालदीवच्या भाषेची बहीण. अनेक घरांत वारसा आजही आईकडून चालतो. स्थानिक रहिवासी जवळपास सगळे अनुसूचित जमातीत मोडतात. टीव्हीवर दिसणाऱ्या ‘मुस्लिम’ चौकटीत हा समाज मावत नाही.

हा समुद्र आजवर टिकला, त्यात या लोकांच्या मासेमारीच्या पद्धतीचा मोठा वाटा आहे. त्यांचा मुख्य मासा ट्यूना, आपल्या कोकणातला कुपा. तो जाळ्याने ओरबाडत नाहीत, काठी आणि गळाने एकेक करून पकडतात. लगूनमधून, म्हणजे प्रवाळाच्या कड्याआतल्या उथळ पाण्यातून, छोटे जिवंत मासे आमिष म्हणून घ्यायचे, बाहेर खोल समुद्रात जायचे, ट्यूनाचा थवा दिसला की आमिष फेकायचे आणि काठ्या टाकायच्या. मिनिकॉयची ही जुनी रीत 1960च्या दशकापासून सरकारी मत्स्य विभागाने इतर बेटांवरही रुजवली. त्यामुळे मासेमारी खोल समुद्राकडे वळली आणि प्रवाळातल्या माशांवरचा ताण कमी राहिला.

पण बेटकऱ्यांना देवदूत करण्याचीही गरज नाही. समुद्री काकडीला 2001 पासून वन्यजीव कायद्याचे कडक संरक्षण आहे, तरी परदेशी बाजारातल्या किमतीमुळे तिची तस्करी झाली आणि स्थानिक हातही त्यात सापडले. 2020मध्ये चेरियापाणीजवळ तिच्यासाठी 239 चौरस किलोमीटरचे राखीव क्षेत्र जाहीर झाले. त्याला डॉ. के. के. मोहम्मद कोया यांचे नाव आहे.

कासवांची गोष्ट तर आणखी गुंतागुंतीची. हिरव्या कासवाची शिकार पूर्वी होत असे, त्याची चरबी होड्यांना लावत. कायदा आला, शिकार थांबली. पुढे अगत्तीच्या लगूनमध्ये कासवांचे कळपच्या कळप आले आणि त्यांनी समुद्री गवत मुळापर्यंत चरून टाकले. त्या गवतात वाढणारे मासे घटले. मच्छीमार म्हणाले, कासवांनी आमचे जेवण खाल्ले. आपण पर्यटक कासव दिसले की हरखतो, मीही हरखलो. पण त्या आनंदाची किंमत कुणाच्या तरी ताटातून वजा होत असेल, तर संवर्धनाच्या चर्चेत त्याला पहिली खुर्ची मिळायला हवी.

या सगळ्याहून मोठे संकट मात्र बेटांनी निर्माण केलेलेच नाही. पाणी प्रमाणाबाहेर तापले की प्रवाळ आपल्यातले रंगीत शैवाल बाहेर टाकते, पांढरे पडते आणि उष्णता टिकली तर मरते. 1998, 2010, 2016 आणि 2024मध्ये लक्षद्वीपने हे पाहिले. 1998 ते 2022 या 24 वर्षांच्या अभ्यासात जिवंत प्रवाळ जवळपास निम्म्यावर आल्याचे दिसले. हा धूर अगत्तीच्या चुलींचा नाही. आपल्या शहरांचा, कारखान्यांचा आणि मला तिथे घेऊन गेलेल्या विमानाचाही आहे.

ही पार्श्वभूमी ठेवून गेल्या काही वर्षांचे राजकारण पाहा. 2021मध्ये प्रशासनाने विकास प्राधिकरणाचा मसुदा आणला, ज्यात विकासासाठी जमीन ताब्यात घेण्याचे व्यापक अधिकार होते. सोबत गोमांसबंदीचा आणि गुंडाविरोधी कायद्याचा प्रस्ताव. किनाऱ्यावरच्या मच्छीमारांच्या शेड पाडल्या गेल्या. लोकांनी बारा तासांचे उपोषण केले, काहींनी पाण्याखाली जाऊन फलक धरले. मुख्य भूमीवर ही बातमी ‘मुस्लिम विरुद्ध सरकार’ एवढीच पोहोचली. जानेवारी 2024मध्ये पंतप्रधानांचे स्नॉर्कलिंगचे फोटो आले, मालदीवशी वाद झाला आणि रातोरात लक्षद्वीप देशभक्तीचे ठिकाण झाले. या दोन्ही वेळा प्रवाळाचा विचार कुणी फारसा केला नाही आणि बेटकऱ्यांना विचारलेही नाही.

मी पर्यटनाच्या विरोधात नाही. त्या मुलाचे घर त्यावरच चालते. पण बेटावर गोडे पाणी म्हणजे खाऱ्या पाण्यावर तरंगणारा पातळ थर. जास्त उपसा केला की विहिरी खारट होतात. सर्वोच्च न्यायालयाने नेमलेल्या न्यायमूर्ती रवींद्रन समितीने बेटांची मर्यादा ओळखूनच विकास करावा, अशी चौकट दिली होती. किती माणसे यावीत, हॉटेल कुठे असावे, पैसा कुणाच्या हातात जावा, हे तिथल्या पंचायतींनी ठरवावे. त्यांना वगळून केलेले संवर्धनही टिकत नाही. मालवणचे सागरी अभयारण्य 1987मध्ये जाहीर झाले. मच्छीमारांना विश्वासात न घेतल्याने ते कित्येक वर्षे विरोधातच अडकले.

आपल्या मुस्लिम वाचकांनाही एक सांगायचे आहे. लक्षद्वीपवर अन्याय झाला की आपण पोस्ट लिहितो, ते योग्यच आहे. पण जमीन आणि पाणी ही अमानत आहे असे आपण मानतो, तर समुद्राचा प्रश्न आपल्या बैठकांत आणि जुम्याच्या तकरिरीत का येत नाही? कोकणात दालदी मच्छीमार पिढ्यान्‌पिढ्या दर्यावर जगतात. तो प्रश्न त्यांच्या दारातला आहे.

निघण्याच्या आदल्या संध्याकाळी त्या मुलाने विचारले, “आपके उधर भी समुंदर है ना? मछली है?” मी म्हणालो, “समुद्र आहे.” पर्ससीनच्या जाळ्यांविषयी सांगू लागलो. एका फेऱ्यात थवाच्या थवा उचलतात आणि छोट्या होडीवाल्याच्या हाती काही उरत नाही. तो बराच वेळ ऐकत होता. मग म्हणाला, “तो आप लोग बोलते क्यों नहीं?”

परतीच्या वाटेवर त्याला द्यायचे उत्तर मी शोधत होतो. ते अजून सापडलेले नाही.