एंटेबीचा धडा : पराक्रमाआधीची तयारी

अपहृत विमान, भेदरलेले प्रवासी, पुढे सरकणारे घड्याळाचे काटे आणि अखेरच्या क्षणी झेपावणारे कमांडो हा चित्रपटसृष्टीचा हमखास यशस्वी साचा आहे. त्यातले बहुतेक चित्रपट चार दिवसांत विस्मरणात जातात. मेनाहेम गोलान या इस्रायली दिग्दर्शकाचा १९७७चा ‘ऑपरेशन थंडरबोल्ट’ मात्र टिकून राहिला. परकीय भाषेतील सर्वोत्तम चित्रपटाच्या ऑस्करसाठी त्याला नामांकनही मिळाले होते. आपल्याकडे दहशतवादाची चर्चा निघाली, की ‘इस्रायलकडून शिका’ असे म्हणत एंटेबीचा दाखला हटकून दिला जातो. म्हणूनच एंटेबीकडून नेमके काय शिकायचे, याचा विचार व्हायला हवा.

२७ जून १९७६ रोजी तेल अवीवहून पॅरिसला निघालेले एअर फ्रान्सचे विमान अथेन्स सोडताच पळवले गेले. अपहरणकर्ते चौघे होते, दोन पॅलेस्टिनी आणि दोन जर्मन. विमान युगांडातील एंटेबीला उतरले. तेथे हुकूमशहा इदी अमीन दहशतवाद्यांच्या पाठीशी उभा राहिला. पुढे इस्रायली प्रवाशांना इतरांपासून वेगळे काढण्यात आले. जर्मन माणसाच्या तोंडून होणारी ही निवड पाहताना नाझी छळछावण्यांची आठवण होणे अपरिहार्य होते, आणि चित्रपटातील सर्वांत अस्वस्थ करणारे क्षण हेच आहेत. सुटकेची संधी असूनही विमानाच्या फ्रेंच कप्तानाने व कर्मचाऱ्यांनी ओलिसांना सोडून जाण्यास नकार दिला, हेही येथे कृतज्ञतेने नोंदवले पाहिजे.

३ जुलैच्या रात्री चार हर्क्युलिस विमाने सुमारे चार हजार किलोमीटरचे अंतर कापून एंटेबीत उतरली आणि जेमतेम दीड तासात मोहीम फत्ते झाली. शंभराहून अधिक लोक सुखरूप परतले. धडक तुकडीचे नेतृत्व करणारे योनातान नेतान्याहू धारातीर्थी पडले. तीन ओलीस गोळीबारात दगावले, तर कंपालाच्या रुग्णालयात असलेल्या एका वृद्धेची नंतर अमीनच्या माणसांनी हत्या केली.

चित्रपट पाहून आपल्या मनात रेंगाळतो तो या रात्रीचा थरार. विसरले जाते ते त्याआधीचे. राबिन मंत्रिमंडळाने १ जुलै रोजी वाटाघाटींना मान्यता दिली होती. ओलिसांच्या नातेवाइकांचा दबाव तेथेही होता. पण बोलणी चालू असताना लष्कर स्वस्थ बसले नव्हते. विमानतळाची इमारत इस्रायली कंपनीने बांधलेली असल्याने तिची माहिती हाती आली. सुटून पॅरिसला पोहोचलेल्या प्रवाशांकडून दहशतवाद्यांची संख्या व पहाऱ्याच्या जागा कळल्या. परतीच्या वाटेवर नैरोबीत इंधन मिळेल अशी व्यवस्था झाली. हल्ल्याची रंगीत तालीम झाली. पराक्रम दीड तासाचा होता, त्यामागची सिद्धता मात्र अनेक वर्षांची होती.

आता आपल्याकडे वळू. २४ डिसेंबर १९९९ रोजी काठमांडूहून निघालेले आयसी-८१४ हे विमान अमृतसरला पाऊण तास उभे होते. आपल्याच भूमीवर, आपल्याच सुरक्षा दलांच्या टप्प्यात. तो पाऊण तास निर्णयाविना निसटला आणि कंदाहारला तालिबानच्या पहाऱ्यात आपले हात बांधले गेले. ३१ डिसेंबरला तीन दहशतवादी सोडावे लागले. त्यांतल्या मसूद अझहरने २००० साली जैश-ए-महंमद उभी केली. २०१९च्या पुलवामा हल्ल्यापर्यंत त्या सुटकेची किंमत देश मोजत आला. अटलजींच्या सरकारला दोष देणे सोपे आहे. पण पंतप्रधानांच्या निवासस्थानाबाहेर आक्रोश करणारे नातेवाईक आणि तो आक्रोश दिवसरात्र दाखवणाऱ्या वाहिन्या याही त्या निर्णयाच्या भागीदार होत्या. आपल्या घरचे कोणी त्या विमानात असते, तर आपण काय म्हटले असते, हा प्रश्न प्रत्येकाने स्वतःला विचारावा.

इस्रायलही या पेचातून सुटलेला नाही. २०११ साली गिलाद शालित या एका सैनिकासाठी त्याने एक हजाराहून अधिक कैदी सोडले. तो निर्णय घेणारे पंतप्रधान होते योनातान यांचेच बंधू बेन्यामिन नेतान्याहू. सुटलेल्यांत याह्या सिनवार होता, आणि ७ ऑक्टोबर २०२३च्या नरसंहाराचा सूत्रधार तोच ठरला. वज्रनिश्चयी म्हणून ज्याचे गोडवे गायले जातात, त्या राष्ट्रालाही आपल्या माणसांसाठी झुकावे लागते. मात्र झुकण्याची किंमत नंतर दुसऱ्याच निरपराधांना चुकवावी लागते.

म्हणूनच ‘वाटाघाटी नकोत’ ही घोषणा पुरेशी नाही. बोलणी नाकारण्याचे बळ तयारीतून येते. २६ नोव्हेंबर २००८च्या रात्री मुंबई जळत असताना राष्ट्रीय सुरक्षा दलाचे कमांडो पोहोचायला सकाळ उजाडली. त्यानंतर, २००९ साली, मुंबईसह चार महानगरांत त्यांची केंद्रे झाली. २०१६ साली विमान अपहरणविरोधी कठोर कायदाही आला. ही पावले योग्यच, पण ती प्रत्येक वेळी रक्त सांडल्यानंतर पडली.

पडद्यावरच्या विजयाला टाळ्या जरूर वाजवाव्यात. पण संकट येण्यापूर्वीची नीरस, कंटाळवाणी, कोणालाही न दिसणारी सिद्धता आपण आपल्या शासनाकडून मागतो का? आणि संकटाच्या घडीला लागणारा संयम आपल्या अंगी आहे का? एंटेबीचा खरा धडा या दोन प्रश्नांत आहे, आणि त्यांतला दुसरा प्रश्न शासनासाठी नाही, आपल्यासाठी आहे.