स्वतःविरुद्धची साक्ष : रिचर्ड पिअर्सची दोन पत्रे

‘पहिला कोण?’ हा प्रश्न इतिहासाला जितका प्रिय, तितकाच तो चरित्राला घातक ठरतो, असे आमचे मत आहे. वाङ्मयाच्या अभ्यासकांना हे वेगळे सांगण्याची आवश्यकता नाही. बाबा पदमनजींच्या ‘यमुनापर्यटना’स (१८५७) मराठीतील पहिली कादंबरी म्हणावे की म्हणू नये, या वादावर जेवढी शाई खर्ची पडली, तिच्या निम्मी तरी त्या पुस्तकातील विधवांच्या दुःखावर पडली असती तर बरे झाले असते. अग्रक्रमाचा मान मिळतो किंवा नाकारला जातो. मूळ कृती मात्र दोन्ही वेळा न वाचलेलीच राहते. माणसांच्या बाबतीतही हेच घडते. विमानविद्येच्या इतिहासात याचे सर्वांत बोलके उदाहरण म्हणजे न्यूझीलंडचा शेतकरी-संशोधक रिचर्ड विल्यम पिअर्स.

पिअर्सचा जन्म ३ डिसेंबर १८७७ रोजी न्यूझीलंडच्या दक्षिण बेटावरील वायटोही या लहानशा शेतकरी वस्तीत झाला. घरात नऊ भावंडे. त्याला अभियांत्रिकी शिकायची होती. परंतु थोरल्या भावाच्या वैद्यकीय शिक्षणावर घरचा पैसा खर्च होत असल्याने ते साधले नाही. एकविसाव्या वर्षी वाट्याला आली ती शंभर एकर जमीन. शेतीत त्याचे मन कधीच रमले नाही. त्याने घरातच भट्टी आणि लेथ उभारली आणि स्वतःच्या कल्पनांना धातूचे रूप देण्याचा उद्योग आरंभला. १९०२ साली त्याने एका सायकलीचे पेटंट घेतले : सांगाडा बांबूचा, आणि पायडल गोल न फिरता वर-खाली चालणारे. त्यानंतर त्याने हाती घेतले ते विमान. बांबू, पोलादी नळ्या, तारा आणि कापड एवढ्या सामग्रीतून त्याने एकपंखी यंत्र रचले. त्याचे दोन सिलिंडरांचे इंजिनही स्वतःच घडवले. जवळ ना कोणी गुरू, ना सहकारी, ना भांडवल. शेजाऱ्यांनी त्याला जी नावे ठेवली त्यांत ‘वेडा पिअर्स’ हे सर्वांत प्रचलित होते.

हे यंत्र शेताला लागून असलेल्या रस्त्यावरून धावले, जमिनीवरून उचलले गेले आणि गॉर्स नावाच्या काटेरी झुडपांच्या उंच कुंपणावर जाऊन आदळले, एवढे बहुतेक साक्षीदार सांगतात. प्रश्न आहे तो केव्हा, हा. लोकप्रिय आख्यायिका ३१ मार्च १९०३ ही तारीख देते. राइट बंधूंचे किटी हॉकजवळचे उड्डाण १७ डिसेंबर १९०३ चे. म्हणजे आख्यायिका खरी मानली तर वायटोहीच्या या शेतकऱ्याने जगप्रसिद्ध बंधूंना जवळजवळ नऊ महिन्यांनी मागे टाकले. न्यूझीलंडसारख्या लहान आणि दूरच्या देशाला या गोष्टीची भुरळ पडावी, यात नवल नाही. टिमारूच्या विमानतळाला आज पिअर्सचे नाव आहे.

या गोष्टीला एकच अडचण आहे, आणि ती म्हणजे खुद्द पिअर्स.

पिअर्सने वृत्तपत्रांना लिहिलेली दोन पत्रे उपलब्ध आहेत. एक १९१५ चे, डनीडिनच्या वृत्तपत्राला, आणि दुसरे १९२८ चे, क्राइस्टचर्चच्या वृत्तपत्राला. विमानाचा शोध ही एका माणसाची कमाई नव्हे, अनेक बुद्धींचे ते फलित आहे, असे पहिल्या पत्रात तो आवर्जून नोंदवतो. आणि तरीही यंत्रचलित विमानाने यशस्वी उड्डाणे प्रथम केली ती राइट बंधूंनी, म्हणून इतिहासात अग्रमान त्यांनाच मिळेल, हेही निःसंकोचपणे मान्य करतो. आपल्या प्रत्यक्ष प्रयत्नांचा आरंभ तो १९०४ सालचा सांगतो. त्या वर्षी सेंट लुईसच्या प्रदर्शनानिमित्त उड्डाणयंत्रासाठी मोठे बक्षीस जाहीर झाले होते, हा संदर्भही तो देतो. दुसऱ्या पत्रात तो आणखी पुढे जातो. ताशी वीस मैलांच्या वेगाला यंत्र जमिनीवरून उठू लागे. परंतु सुकाणूंनी काम करण्यास तो वेग अपुरा होता, त्यामुळे जमीन सोडताच यंत्र ताब्याबाहेर जाऊन आडवे फिरे. म्हणून आपण त्या पहिल्या यंत्रातून उड्डाण केले असे म्हणता येत नाही, असा त्याचा निर्वाळा आहे.

यातील शेवटचे वाक्य साहित्याच्या विद्यार्थ्यांनी सावकाश वाचावे, असे आम्ही सुचवतो. येथे एक माणूस एका क्रियापदाची व्याख्या करीत आहे. ‘उठणे’ आणि ‘उडणे’ यांत तो भेद करतो. जमीन सुटणे म्हणजे उड्डाण नव्हे. हवेत गेल्यावर आपले यंत्र आपल्या इच्छेने वळते की नाही, ही कसोटी आहे. आजचे विमानविद्येचे इतिहासकारही उड्डाणाची हीच कसोटी लावतात. ती ढिली केली असती तर कीर्ती हाताशी होती. त्याने ती ढिली केली नाही.

पिअर्सच्या चाहत्यांची यावरची उत्तरे आम्हांस ठाऊक आहेत, आणि ती सर्वस्वी टाकाऊही नाहीत. एक, तो स्वभावतः संकोची होता आणि स्वतःला कमी लेखणारा होता. दोन, १९१५ किंवा १९२८ मध्ये लिहिताना त्याच्यासमोर विमानांची नंतरची झेप होती. त्या मापाने आपली धडपड त्याला क्षुल्लक भासली असणार. तीन, माणसाला वर्षे अचूक आठवत नाहीत. तिसरा मुद्दा सर्वांत भक्कम दिसतो, परंतु तोच दुधारी आहे. अकरा वर्षांनी लिहिणाऱ्या पिअर्सला साल आठवत नव्हते असे म्हणावयाचे, आणि त्याच्या मृत्यूनंतर, म्हणजे पन्नासहून अधिक वर्षांनी, म्हाताऱ्या शेजाऱ्यांनी सांगितलेले साल मात्र ग्राह्य धरावयाचे, हे कोणत्या न्यायाने? या शेजाऱ्यांना आम्ही खोटे म्हणत नाही. त्यांनी कुंपणावर अडकलेले यंत्र निश्चितच पाहिले असावे. परंतु स्मृती ही दैनंदिनी नव्हे. आपण पाहिलेली गोष्ट जगाच्या दृष्टीने महत्त्वाची होती हे पुढे कळले, की स्मृती तिला महत्त्वाच्या जागी नेऊन बसवते.

येथे समीक्षेच्या परिचित वादाची आठवण होणे अपरिहार्य आहे. रोलाँ बार्थने १९६७ साली लेखकाच्या मृत्यूची घोषणा केल्यापासून लेखकाचे स्वतःच्या कृतीविषयीचे म्हणणे अंतिम मानू नये, हे आपण वर्गावर्गांतून शिकवत आलो आहोत. मग पिअर्सचे म्हणणे तरी अंतिम का मानावे? आमचे उत्तर असे की, अर्थ आणि घटना या दोन भिन्न कोटी आहेत. कृतीचा अर्थ लेखकाच्या हातून निसटू शकतो. परंतु यंत्र वळले की नाही याची सर्वांत जवळची खबर त्याच्या आसनावर बसलेल्यालाच असते. शिवाय साक्षीच्या शास्त्रातील एक जुना नियम आहे : स्वतःच्या हिताविरुद्ध दिलेली साक्ष अधिक वजनदार मानावी. पिअर्सची दोन्ही पत्रे या जातीची आहेत.

राइट बंधूंशी त्याची तुलना करावयाचीच तर ती तारखांची न करता लेखनाची करावी. त्या बंधूंनी १९०० ते १९०२ या काळात ग्लायडरांवर प्रयोग केले, १९०१ मध्ये वातबोगदा बांधून पंखांच्या आकारांची मोजमापे घेतली, आणि हे सारे वह्यांत, पत्रांत, छायाचित्रांत नोंदवून ठेवले. १७ डिसेंबरच्या पहिल्या उड्डाणाचे छायाचित्र आहे. ते १२ सेकंद टिकले आणि १२० फूट गेले, हे आपल्याला माहीत आहे ते त्यामुळेच. त्यांचे यश हवेतले होते तितकेच कागदावरचेही होते. वायटोहीच्या एकाकी माणसापाशी नोंद ठेवणारा दुसरा कोणी नव्हता. त्याचा खरा दस्तऐवज एकच : १९०६ साली विमानासाठी केलेला पेटंटचा अर्ज. त्यातील कल्पनांकडे पाहिले की त्याची खरी उंची कळते. राइट बंधूंचे यंत्र रुळावरून सुटणारे, मागे पंखे आणि पुढे सुकाणू असलेले, दुपंखी होते. पिअर्सच्या यंत्राला एकच पंख, पुढे पंखा, खाली तीन चाके. विमानांची पुढची पिढी ज्या आकाराकडे वळली, त्याच्या हा आराखडा अधिक जवळ होता. हे श्रेय लहान नाही, आणि त्यासाठी कोणतीही तारीख मागे सरकवावी लागत नाही.

परंतु राष्ट्रांना आराखड्यांचे श्रेय पुरत नाही. त्यांना पहिला क्रमांक हवा असतो. फ्रान्स १८९० च्या क्लेमाँ आदेरचे नाव घेतो, ब्राझील १९०६ च्या सांतुस-द्युमाँचे. अमेरिकेच्या कनेटिकट राज्याने २०१३ साली कायदा करून गुस्ताव्ह व्हाइटहेड याला राइट बंधूंच्या आधीचा मान दिला. आपणही यास अपवाद नाही. मुंबईच्या शिवकर बापूजी तळपदे यांनी १८९५ साली चौपाटीवर विमान उडवले ही कथा आपल्याकडे पुस्तकांतून फिरत राहिली आणि २०१५ साली हिंदी चित्रपटातही आली. तिला समकालीन, विश्वासार्ह नोंदीचा आधार मात्र मिळालेला नाही. तळपदे आणि पिअर्स यांच्यातील फरक ध्यानात घ्यावा. पिअर्सचे यंत्र होते, त्याचे पेटंट आहे, अवशेष सापडले आहेत. साम्य एवढेच की, दोघांच्याही बाबतीत माणसापेक्षा त्याच्या नावाने लावलेला झेंडा मोठा झाला आहे. विसाव्या शतकाच्या उंबरठ्यावर मुंबईतील एका जिज्ञासू माणसाला विमान का सुचावे, हा विलक्षण प्रश्न आहे. तो आपण विचारत नाही, कारण ‘राइटच्या आधी आठ वर्षे’ एवढ्यावर आपले समाधान होते.

पिअर्सचे पुढचे आयुष्य या आख्यायिकांत क्वचितच येते. वायटोही सोडून तो मिल्टन येथे आणि पुढे क्राइस्टचर्चला गेला. तेथे स्वतःच्या हातांनी घरे बांधून, ती भाड्याने देऊन त्याने गुजराण केली आणि गॅरेजमध्ये वर्षानुवर्षे दुसरे विमान घडवले. त्याचे इंजिन कलते होणार होते, म्हणजे लांब धावपट्टीची गरज उरणार नव्हती. सामान्य माणसाला परवडेल असे विमान त्याला हवे होते. आपली कल्पना कोणीतरी चोरील, या भयाने उतारवयात त्याला ग्रासले. १९५१ साली त्याला मनोरुग्णालयात दाखल करण्यात आले आणि २९ जुलै १९५३ रोजी तेथेच तो वारला. वृत्तपत्रांनी दखल घेतली नाही. त्याच्या मागे उरलेले यंत्र जॉर्ज बोल्ट या न्यूझीलंडच्या जुन्या वैमानिकाच्या दृष्टीस पडले आणि तेथून त्याच्या शोधाला आरंभ झाला. गॉर्डन ओगिल्व्ही यांचे चरित्र १९७३ साली आले, मृत्यूनंतर वीस वर्षांनी.

जिवंतपणी ज्याला वेडा म्हटले, त्याला मृत्यूनंतर जगात पहिला म्हणणे, हा न्याय झाला असे अनेकांना वाटते. आम्हांस तसे वाटत नाही. दोन्ही वेळा चूक एकच झाली : तो काय म्हणतो आहे ते कोणी ऐकून घेतले नाही. गावाने ऐकले नाही, कारण तो हास्यास्पद होता. देशाने ऐकले नाही, कारण तो उपयुक्त होता. उपेक्षितांचे चरित्र लिहू पाहणाऱ्या प्रत्येकाने हा धोका ओळखावयास हवा. उपेक्षेची भरपाई गौरवाने होत नाही, ती लक्षपूर्वक वाचण्याने होते. पिअर्सने आपल्यासाठी वाचण्याजोगे थोडेच ठेवले आहे : दोन पत्रे आणि पेटंटांचे काही कागद. त्यांत त्याने स्वतःचे स्थान नेमके आखून दिले आहे, ना एक इंच पुढे, ना एक इंच मागे. ते तसेच राहू द्यावे, एवढा मान त्याला मिळावयास हरकत नाही.