स्वस्ताईचा हिशेब

जुलै २०२३ मध्ये रिलायन्सने १६,४९९ रुपयांचा जिओबुक लॅपटॉप बाजारात आणला, तेव्हा संगणक आता सामान्यांच्या आवाक्यात आला, अशी द्वाही फिरली. तिच्यात तथ्य नव्हते असे नाही. किलोभराहून कमी वजन, अंगभूत फोर-जी जोडणी आणि लेखन-वाचनापुरती शक्ती, हे गुण मोबाइलच्या पडद्यावर निबंध लिहिणाऱ्या विद्यार्थ्याला क्षुल्लक खचितच नव्हेत.

परंतु अर्थशास्त्र केवळ किमतीपाशी थांबत नाही. वस्तू किती वर्षे उपयोगी पडेल, हेही ते विचारते. येथे रॅम अवघी ४ जीबी, साठवण ६४ जीबी, आणि दोन्ही चिपा मदरबोर्डावर डाख देऊन कायमच्या बसवलेल्या. मेमरी कार्डाने फायलींना जागा मिळते. रॅम मात्र वाढत नाही. प्रणाली वर्षागणिक जड होतात, यंत्र तेवढेच राहते. सुखवस्तू ग्राहक नवे यंत्र घेतो. गरिबाची बचत बुडते. कारखान्यात केलेल्या काटकसरीची किंमत अखेर तोच मोजतो.

केंद्र सरकारने जुलै २०२२ मध्ये दुरुस्तीच्या हक्काचा विचार करण्यासाठी समिती नेमली होती. स्वस्त यंत्र हवेच. पण त्याचे सुटे भाग मिळावेत, रॅम बदलता यावी, ही मागणीही कार्यकर्त्यांनी तितक्याच आग्रहाने लावून धरली पाहिजे.